पहिल्या रांगेतला मख्ख चेहरा

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढाच; उरलेला मनोमन.) तुझी पाठ कशी आहे? मी ठणठणीत, अब्रू तेवढी अंथरुणाला खिळली आहे.

लहानपणी तू मला विनोदी नाटकांना न्यायचीस आणि मी खिदळलो की चिमटा काढायचीस, कारण माझ्या हसण्यात नटाचं पुढचं वाक्य बुडायचं. (तू स्वतः मात्र सगळं नाट्यगृह हसून थांबल्यावर एकटीच हसायचीस, आणि तुझं हसू ऐकून लोक पुन्हा हसायचे.) त्या चिमट्यांनी मला न हसता विनोद ऐकायची सवय लागली आणि त्याच भांडवलावर आज मी विनोदी नटांवर लेख लिहून पोट भरतो.

परवा तुझे लाडके टोपीवाले एवढ्या मोठ्या आजारपणानंतर पुन्हा रंगमंचावर आले. त्यांची जुनी खोड म्हणजे प्रेक्षकांतला न हसणारा एक चेहरा हेरायचा आणि तो हसेपर्यंत त्याचा पिच्छा सोडायचा नाही. (हे मीच मागे कौतुकानं छापलं होतं.) तरी मी शहाणा पहिल्या रांगेत कान टवकारून मख्ख बसलो. त्यांनी मला हेरलं. टोपी एकदा जास्त पाडून पाहिली, नाटकात नसलेली शिंक आणली, शेवटी माझ्यासमोर गुडघे टेकून अख्खं भाषण मलाच ऐकवलं. नायिका बिचारी मागे चहाचा ट्रे धरून ताटकळली. मी मनात गडाबडा लोळत होतो आणि शब्द निसटू नये म्हणून दात आवळून बसलो होतो. मग ते पुढचं वाक्यच विसरले. पडदा पाडावा लागला.

रंगपटात गेलो तेव्हा ते तोंडावरचा रंग पुसत होते. मी आतून हसत होतो, असं त्यांना परोपरीनं सांगितलं. ते आरशातूनच म्हणाले, “आतलं मला वर ऐकू येत नाही हो.” शनिवारचा प्रयोग ठरलाय म्हणून करणार, मग कायमचं पुरे, असंही म्हणाले. आत्या, फार वाईट वाटलं गं. ज्यानं मला आयुष्यभर हसवलं, त्याचा धीर मीच घालवला.

बाकी सर्व क्षेम. चिमट्यांच्या हातांना नमस्कार.

तुझा आज्ञाधारक (आणि म्हणूनच बदनाम) भाचा

ता. क. सोबत शनिवारचं तिकीट आहे, माझ्या शेजारच्या खुर्चीचं. मी आरशासमोर हसायचा सराव केला, तर बायकोनं डॉक्टरांना फोन लावला. तेव्हा हसायचं काम तुझ्याकडे. आतोबा गेल्यापासून तू नाट्यगृहाची पायरी चढली नाहीस, ठाऊक आहे मला. पाठीचं निमित्त सांगू नकोस, उशी आणतोय.

आणखी एक. हसू येणार नाही असं वाटलं, तरी ये. टोपीवाल्यांना सांगून ठेवलंय की आत्याचं हसू जरा मागाहून येतं. ते थांबतो म्हणालेत.