लाल्याच्या अकरा कोलांट्या

पौष शुद्ध पंचमी, जव्हार

आठ दिवस वही उघडली नाही. आळस, दुसरं काय. पण आज लिहिल्यावाचून राहवत नाही.

ज्यांच्या ओसरीवर मी महिनाभर पडून आहे, त्या कादरचाचांचा लाल्या आज गिरेबाज कबुतरांच्या शर्यतीत उडाला. वर जाऊन ठिपक्याएवढा झाला आणि पाठीवर उलटत खाली गडगडला. अकरा कोलांट्या. आता आपटतो म्हणेस्तोवर शेंड्यांवरून पुन्हा आभाळात. पाखराला हे शिकवतं कोण?

पण तो ढाबळीवर उतरला नाही. चाचा दाणे वाजवून 'आव आव' करत राहिले. उपाशी पाखरूच हाकेला येतं, म्हणून शर्यतीआधी चारायचं नसतं. सकाळी दया येऊन मीच त्याला मूठभर नागली चारली. चाचांना अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्याच्या छपरावर उतरलेलं पाखरू त्याचंच, असा इथला रिवाज. म्हणजे लाल्या गेलाच. भरल्या पोटी अकरा मारल्या त्याने!

आत्ताच खोडाळ्याचा गोविंददादा, शर्यतीतला चाचांचा हाडवैरी, दारात आलाय. उपरण्यात लाल्या.

"घ्या चाचा, तुमचं पाखरू. आणि पोट चाचपा याचं, टम्म आहे. चारलं कोणी?"