चार वाजताचं रीडिंग

५ जानेवारी २००४

परत बोलणी खाल्ली. गुन्हा काय — तर "का?" विचारलं!

सात नंबर मशीनवर शाफ्ट बनतात. दर तासाला पाच शाफ्ट उचलायचे, मायक्रोमीटरनं जाडी मोजायची, चेकशीटवर आकडे लिहायचे, सही ठोकायची. ऑक्टोबरपासून माझं हेच काम. तर झालं असं की मशीनमधनं गरमागरम काढून मोजला की एक आकडा येतो, आणि तोच शाफ्ट दहा मिनिटं टेबलावर ठेवून मोजला की दुसरा. केसाहून कमी फरक, पण फरक! शितोळे सर आमचे सुपरवायझर. त्यांना विचारलं, सर, मग खरा कुठला लिहू? म्हणाले, "तुम्हाला लिहायला ठेवलंय का डोकं चालवायला? मर्यादेत बसतंय ना? लिहा आणि पुढं चला."

आठ नंबरवरचा रविराज फिदीफिदी हसत होता. तळेगाव ढमढेऱ्याचा डिप्लोमावाला. म्हणतो कसा, "सोनमबाई, शाफ्ट हाय त्यो. ताप बघताय व्हय त्याचा?"

हस मेल्या. पण खरा कुठला?

६ जानेवारी

आण्णा बाहेर आले! आमच्या शॉपवर, म्हणजे कारखान्यात मशीनं चालतात तिथं, ही बातमीच आहे.

आण्णा म्हणजे काचेच्या खोलीतले. स्टँडर्ड रूम म्हणतात तिला. आम्ही ज्यानं मोजतो ती मापंसुद्धा खरी का खोटी हे तिथं ठरतं. आत उन्हाळा-हिवाळा वीस डिग्री. बूट बाहेर काढायचे. आण्णा एकटेच असतात, आणि रोज संध्याकाळी सगळ्यांची चेकशीटं त्यांच्याच टेबलावर जातात. कुणाशी बोलत नाहीत. आज बूट घालून थेट माझ्यापाशी आले.

"गरम शाफ्टचं कोण विचारत होतं?"

मी म्हटलं, मेले आता. "मी, आण्णा."

"थंड झाल्यावरचा लिहायचा." आणि परत आत.

एवढ्यासाठी माणूस बूट घालून बाहेर आला. दिवसभर हवेत होते.

१५ जानेवारी, गुरुवार

सुट्टी. शिरूरच्या खोलीतनं पहाटेच निघाले. न्हावरे, चौफुला, पुढं जीपनं कासुर्डी. घरात पाय टाकला नाही तोच आईनं स्थळ काढलं. मुलगा दौंडला रेल्वेत आहे म्हणे. मी भाकरी तशीच ठेवून उठले, तर आप्पा म्हणाले, "बस खाली. मार्चपत्तूर थांबू. पर्मनंट झालीस तर वर्षभर लग्नाचं नाव काढणार न्हाई. न्हाई झालीस तर मे म्हैन्यात बार उडवू."

आप्पा शब्द फिरवत नाहीत. ना इकडं, ना तिकडं.

पूर्वी आमची दीडशे मेंढरं होती. आता ऊस-कांदा, आणि मेंढरं अकरा. अकराच! तरी दिवेलागणीला आप्पा मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी उभे राहतात आणि आत जाणाऱ्या एकेकीच्या पाठीवर हात ठेवतात. लहानपणी मी म्हणायची, आप्पा, दिसतायत की समदी! तर खेकसायचे — "हात लावल्याबिगर आली म्हणायचं न्हाई."

३० जानेवारी

आण्णा एप्रिलअखेर रिटायर होणार. त्यांच्या जागी आतलाच माणूस घेणार, आणि पर्मनंट! शितोळे सरांनी दोन नावं सांगितली. रविराज आणि मी. आण्णा म्हणतील तसं.

माझं कॉन्ट्रॅक्ट ३१ मार्चला संपतं. म्हणजे ही खोली नाही तर दौंड.

पण खरं सांगू? दौंड नसतं, आप्पा नसते, पगार हाच असता, तरी मला ती खोली हवी होती. तिथं कुणी "चालतंय की" म्हणत नाही. जेवायला जाताना मी मुद्दाम काचेजवळनं जाते. सोजरबाई झाडू मारता मारता म्हणाली, "काय गं, आत काय दागिने ठेवल्यात व्हय?" काय सांगू तिला! आत आवाज नाही. टेबल काळ्या दगडाचं. इतकं सपाट की बघूनच जिवाला बरं वाटतं.

११ फेब्रुवारी

आत गेले!!

साडेतीनला आण्णांनी काचेतनं बोट केलं. मागं वळून बघितलं, मागं कुणी नव्हतं. मलाच! चारचं रीडिंग राहत होतं. पण सात नंबर म्हणजे माझ्या हातातलं मशीन. तीनला जे, तेच चारला. पटापट पाच आकडे टाकले, सही केली, पळाले.

बूट काढले. पायाला गार फरशी लागली. आण्णा त्यांच्या उंच स्टुलावर, मला समोर बसवलं, काचेकडं पाठ. लाकडी पेटी उघडली. आत पोलादाचे चकचकीत तुकडे, वडीएवढे. स्लिप गेज, मापं तपासायची मापं. त्यांनी दोन तुकडे पुसले, एकावर एक ठेवून हळूच सरकवले आणि उचलले — चिकटले! गोंद नाही, चुंबक नाही.

"का चिकटले?" आण्णांनीच विचारलं.

अंदाजानं म्हटलं, "लई सपाट हायत म्हणून?"

तर हसले! आण्णांना दात आहेत हे आज कळलं. मग एक तास कसा गेला कळलं नाही. मी एकदाही मागं बघितलं नाही. बाहेर आले तर मशीन नेहमीसारखं चालू. पाचचं रीडिंग नीट घेतलं.

१२ फेब्रुवारी

सुट्टी. कपडे धुतले. ते चिकटलेले तुकडे अजून बोटात आहेत.

१६ फेब्रुवारी

कामावर आले की आण्णा काचेतनं माझ्याकडं बघून मान हलवतात. शुक्रवारपासून रोज! रविराजला नाही हलवत. तो म्हणतो, "झालं, आमचा पत्ता कट." झालाच बघ बाबा!

१ मार्च

पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट. शॉपवर शाळा भरलीय नुसती. गेल्या तीन महिन्यांची चेकशीटं सगळे नव्यानं लिहितायत. राहिलेली रीडिंगं भरायची, तीन-तीन पेनं वापरायची, कोपऱ्याला ऑइलचं बोट पुसायचं. म्हणजे पान कामातलं वाटतं. रविराजनं तर एकावर चहाचा कप टेकवला. कलाकार!

शितोळे सरांनी माझा गठ्ठा चाळला. "तुमचं सगळं ओरिजिनल? शाब्बास. शिका जरा हिच्याकडनं." मान वर करून खोलीवर आले.

२ मार्च

देवा.

सरांनी मला गठ्ठे लावायला बसवलं. तारखेवार चेकशीट, त्यामागं मशीन-दुरुस्तीचं रजिस्टर. ११ फेब्रुवारीशी हात थांबला. रजिस्टरमध्ये लिहिलंय — सात नंबर, कूलंटचा पंप जाम, तीन चाळीस ते चार पस्तीस मशीन बंद. आणि माझ्या चेकशीटवर चार वाजता पाच शाफ्ट. माझे आकडे. माझी सही.

बंद मशीनचे पाच शाफ्ट मोजले मी!

बाकीच्यांना हसले होते काल.

३ मार्च

रविराजला सांगितलं. वाटलं हसेल. नाही हसला. हळूच म्हणाला, "एवढंच ना? पान बदल. चारला 'मशीन बंद' लिही, बाकी हाय तसं उतरव. दोन मिन्टाचं काम हाय. आन् मला सांगितलंस ते मी ऐकलंच न्हाई."

चांगला आहे तसा तो. मी नसले की जागा त्याचीच, तरी असं बोलला.

खोलीवर नवं पान लिहिलं. माझंच अक्षर, माझीच सही, एकदम खरं. गठ्ठ्यात घालायचं फक्त राहिलंय.

४ मार्च, गुरुवार

घरी गेले. आईला वाटलं स्थळासाठीच आले.

दिवेलागणीला आप्पांजवळ उभी राहिले. एक, दोन, तीन... हात, हात, हात. सगळी आत गेल्यावर विचारलं, आप्पा, कधी न लावता "आली" म्हणलाय का? त्यांनी वाडग्याच्या तोंडाला काठी आडवी लावली. मग म्हणाले, "एकदा. तुझ्या जल्माच्या येळंला. घाईत हुतो. सकाळी एक कमी. म्या तुझ्या आज्याला म्हणलं लांडग्यानं न्हेली."

"आणि?"

"न्हेलीच आसंल. पर रातच्याला वाडग्यात हुती का न्हवती, मला आजून ठावं न्हाई."

बावीस वर्षं झाली! आणि माणसाला ते मेंढरू आठवतंय.

५ मार्च

सांगितलं.

बूट काढून आत गेले आणि दोन्ही पानं काळ्या टेबलावर ठेवली. जुनं आणि नवं. आण्णा नव्या पानाला शिवलेसुद्धा नाहीत.

"चारचं रीडिंग?"

"न बघता लिहिलं. मशीन बंद होतं."

"तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज वार कोणता?"

"शुक्रवार." माझी मान वर होईना. मधले दोन दिवस मी काय करत होते ते त्यांना बरोबर कळलं.

"शितोळ्यांना जाऊन सांग." आणि पेटी पुसायला लागले. चांगलं केलंस नाही, वाईट केलंस नाही, काहीच नाही. मला वाटलं होतं... जाऊ दे काय वाटलं होतं.

शितोळे सर हादरले. "ऑडिटच्या तोंडावर? अहो, कुणी विचारलं होतं तुम्हाला?" जुनं पान गठ्ठ्यात राहिलं, त्यावर लाल शेरा. माझं नाव यादीतनं कटलं. सोजरबाईनं चहा आणून दिला.

३१ मार्च

गेटवर ओळखपत्र जमा केलं. उद्यापासून रविराज काचेच्या आत. महिनाभर आण्णा त्याला शिकवणार.

काचेजवळनं गेले. आण्णा खाली बघत होते. पाच तारखेपासून मान हलली नव्हती, आजही नाही.

रडले. कंपनीच्या बसमध्ये, खिडकीकडं तोंड करून, पार शिरूर स्टँड येईपर्यंत.

१८ एप्रिल

कांदा काढतोय. आई म्हणते, पोरगी चांगला कांदा काढते पण हातात धरून बघत काय बसते! काय सांगू. चिमटीत धरते आणि जाडीचा अंदाज घेते. मग मोजायला काही नाही म्हणून टाकून देते. परवा भाकरी पण तशीच धरली. वेड लागलंय मला. रोज चार वाजले की हात पेन शोधतो.

ती खोली माझी नव्हतीच कधी. एक तास बसले फक्त. मग इतकं का तुटतंय?

२५ एप्रिल

दौंडचे बघायला आले. मुलगा वाईट नाही. म्हणाला, नोकरी का सुटली? म्हटलं, खोटं रीडिंग लिहिलं म्हणून. आई पदरात तोंड लपवून बसली. मुलाची मावशी म्हणाली, "लईच खरी हाय बाई पोरगी." कळवतो म्हणून गेले.

आप्पा ओट्यावर बसून एकटेच हसत होते. मी चिडले तर म्हणाले, "हसू नको तर काय करू? बोललीस ते खरंच की!"

४ मे

बापूसाहेबांचा गडी पळत आला — फोन आलाय, रांजणगावावरनं, कंपनीतनं. वस्तीवर फोन त्यांच्याकडंच. चपला न घालता धावले.

रविराज! "सोनम, मी चाकणला चाललोय, पगार जादा हाय. त्या खोलीत झोप येती गं मला, खोटं कशाला बोलू. आण्णा शनवारी बांधाबांध करून गेले लेकीकडं नांदेडला. जाताना शितोळे सरांना लिहून दिलंय, ही जागा कवाबी मोकळी झाली तर आधी कासुर्डीला फोन करायचा. पर्मनंट पोस्ट हाय. येतीस न्हवं?"

मी काय बोलले आठवत नाही. बापूसाहेबांच्या बायकोनं साखर हातावर ठेवली तेव्हा कळलं, मी मोठ्यानं रडत होते.

आप्पांनी ऐकून घेतलं. "आता वर्षभर माझं तोंड बंद," म्हणाले, आणि मेंढरांकडं गेले.

१० मे

बूट काढले. फरशी तशीच गार. पेटी, पुसायचं फडकं, सगळं आण्णांच्या शिस्तीत. त्यांच्या स्टुलावर बसायचा धीर झाला नाही. मी माझ्या जुन्या जागी बसले, काचेकडं पाठ करून.

११ मे

आज बसले त्यांच्या स्टुलावर.

समोर काचेतनं नीट सात नंबर दिसतं. मध्ये काही आडवं येत नाही. मशीनवरचा दिवासुद्धा — चालू असलं की हिरवा, बंद पडलं की लाल. दुपारी पाच मिनिटं लाल झाला, तर वर न बघताही माझ्या नजरेत आला.

त्या दिवशी आण्णा इथंच बसले होते. तासभर. आणि संध्याकाळी माझं चेकशीट ह्याच टेबलावर आलं होतं.

म्हणजे पाच मार्चपर्यंत, तेवीस दिवस, त्यांना माहीत होतं. रोज सकाळी मान हलवत होते ती शाबासकी नव्हती. वाट बघत होते माझी.

ऑफिसात विचारलं. आण्णांचा नांदेडचा पत्ता कुणाकडंच नाही.