आजोबांचा खोकला

पिस्कॅटवे,
२९ सप्टेंबर २०२५

चि. प्रताप यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं चष्म्याचा नंबर वाढलाय. बारा वर्षांच्या नातीला, उर्वीला, धनुष्यबाणाने हरीण मारायला नेणार, आणि नेणार कोण, तर तू! झुरळ दिसलं की पलंगावर चढून मला हाका मारणारा!

शिवने आपल्या पोरीला शिकवलं, ठीक आहे. तुझा मुलगा इथेच जन्मला, ऑफिसातले मित्र करतात ते तो करतो. पण तू कशाला मिरवतोस? आणि शिकार तरी कसली रे ही? टायमरवरच्या पिंपातून मक्याचे दाणे उधळायचे, पंधरा-वीस पावलांवर कापडी तंबू ठोकायचा, त्याला ब्लाइंड म्हणायचं, आत काळे कपडे घालून खुर्च्या टाकून बसायचं आणि जनावर जेवायला आलं की बाण. आपल्याकडे पंगतीला बसलेल्याला कोणी उठवतसुद्धा नाही.

तुझं काम काय, तर म्हणे स्टुलाची उंची बघायची, धनुष्याचं टोक तंबूच्या कापडाला लागत नाही ना ते बघायचं, पाठीमागची खिडकी बंद ठेवायची आणि गप्प बसायचं. चाळीस वर्षं पूल बांधलेस ते यासाठी? शिव कानात सारख्या सूचना कुजबुजतो म्हणून उर्वीला आजोबाच हवेत, याचा तुला केवढा अभिमान! ती उद्या विहिरीत उडी मारू म्हणाली तर तू दोर धरशील.

फोन करू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं पटत नाही. जे काय ते लिही.

लोभ आहेच, तो वाढवायचा की नाही हे तुझ्या उत्तरावर ठरेल.

तुझी,
सरलाताई


फ्रिस्को,
७ ऑक्टोबर २०२५

ती. सरलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या आशीर्वादांनी नेहमीप्रमाणे अंग सोलून निघालं. उर्वीला विहिरीचं सांगितलं, ती खूप हसली. दसऱ्याला तिचं धनुष्य पाटावर मांडून मी हळदकुंकू वाहिलं, तर शिव ओरडला. हळदीचा वास हरणाला एका मैलावरून येतो म्हणे. मग बापलेकीने बसून ते पुसलं.

शनिवारी पहाटे गेलो. शिव गाडीत थांबला, आम्ही दोघं तंबूत. खोकला येऊ नये म्हणून मी दाढेत लवंग धरली होती. दोन तास उर्वी अशी बसली की मला कौतुक वाटलं. उजाडल्यावर एक मादी आली. पंधरा यार्डांवर आडवी उभी राहिली, कान हलवत दाणे खात होती. डोळे काय गं तिचे! उर्वीने सावकाश दोरी ताणली, आणि नेमका तेव्हाच मला ठसका लागला. कोरडा, लागोपाठ तीन वेळा. मादी पांढरी शेपटी वर करून उधळली.

पोरगी माझ्यावर रागावली नाही. उलट तिनेच माफी मागितली. तिने नेम धरायला उशीर केला, म्हणून मला खोकला दाबून बसावं लागलं, असं तिच्या मनाने घेतलंय. घरी यायला दोन तास लागले, मला एकदाही खोकला आला नाही, तरी ती सारखी वळून बघत होती. आता रोज आलं-मध कोमट करून आणून देते आणि मी पिईपर्यंत समोर उभी राहते.

अडचण अशी की आता ती जायलाच तयार नाही. तंबूतली धूळ आजोबांच्या छातीला वाईट, आणि आजोबांशिवाय जायचं नाही, असं म्हणते. वर्षभर रोज परसात बाण मारत होती. आता धनुष्य गॅरेजमध्ये टांगून ठेवलंय. शिवने तर माझ्या एक्स-रेची अपॉइंटमेंट घेतलीय.

तेव्हा एक विनंती. निवृत्त झालीस तरी तुझं लेटरहेड असेलच. त्यावर चार ओळी लिही की ही धुळीची साधी अ‍ॅलर्जी आहे, घाबरायचं कारण नाही, मात्र तंबूत बसणं वर्ज्य. छातीच्या डॉक्टरने लिहिलं म्हणजे सगळ्यांचं समाधान होईल, आणि उर्वी आज ना उद्या बापाबरोबर जाईल.

प्रकृतीला जप. रागावलीस तरी चालेल, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
प्रताप


पिस्कॅटवे,
१३ ऑक्टोबर २०२५

प्रताप,
आशीर्वाद शिल्लक आहेत, पण आज देत नाही.

माझ्या लेटरहेडवर खोटं लिहून मागतोस? चौतीस वर्षं लोकांच्या छात्या तपासल्या मी. धुळीचा खोकला तंबूत शिरल्या शिरल्या येतो. दोन तास लवंग चघळत मुकाट बसलेल्या माणसाला तो पोरीने दोरी ताणल्यावरच कसा येतो? हरीण पळाल्यावर थांबतो कसा? हा खोकला छातीतला नव्हे. भूगोलाच्या परीक्षेच्या सकाळीही तुला असाच यायचा. आई फसायची, मी नाही.

हरीण वाचलं याचा मला आनंदच आहे. पण ते तुझं पुण्य समजू नकोस. तुला नको होतं, तर नको म्हणायची तुझी हिंमत झाली नाही. शिवची बोलणी खायची नाहीत, नातीच्या मनातून उतरायचं नाही, आणि जीव वाचवल्याचं समाधानही हवं. भित्रा तो भित्राच राहिलास! आणि त्याची शिक्षा भोगतंय कोण? ती पोर. वर्षभराची मेहनत तिने तुझ्या छातीसाठी खुंटीला टांगली. वर तुझी माफी मागते, आलं-मध करून देते. ते तू पितोस कसा रे? घशाखाली उतरतं कसं?

तिचं शिकार करणं मला पटत नाही, मरेपर्यंत पटणार नाही. पण तिने कोणापासून काही लपवलेलं नाही. तिला काय हवंय ते ती तोंडावर सांगते, आणि तू बहात्तर वर्षांचा घोडा तिच्या शेजारी बसून खोकतोस.

हे पत्र मिळेल त्याच दिवशी तिला खरं काय ते सांग. नाही सांगितलंस तर मी थेट तिला लिहीन, तेही इंग्रजीत, म्हणजे तुझ्याकडून वाचून घ्यावं लागणार नाही.

लोभाचं नंतर बघू.

सरला


फ्रिस्को,
२२ ऑक्टोबर २०२५

ती. सरलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

चिवडा पोचला. माझ्या नावाचा डबा वेगळा केलास, म्हणजे अगदीच टाकलं नाहीस मला.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. उर्वी शाळेतून आली तशी तिला समोर बसवलं आणि सांगितलं की मी मुद्दाम खोकलो. तिने इंग्रजीत विचारलं, हरणासाठी का? मी हो म्हटलं. ती रडली नाही, ओरडली नाही. शब्द जुळवत मराठीत म्हणाली, "आजोबा, तुम्ही नको म्हणाला असता तर मी बाण सोडलाच नसता." आणि उठून गेली. तू आयुष्यभर जेवढं बोललीस त्यातलं काही मला इतकं लागलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

शनिवारी पहाटे बूट घालून माझ्या दारात उभी. म्हणाली, चला, पण या वेळी जे वाटेल ते तोंडाने सांगायचं. गेलो. नऊच्या सुमाराला मादी आली. तीच की दुसरी, देव जाणे. उर्वीने धनुष्य उचललं, पण दोरीला हात लावायच्या आधी माझ्याकडे वळून बघितलं. ताई, मी नको म्हणालो. चांगलं मोठ्याने म्हणालो. हरीण तेव्हाही पळालंच.

उर्वीने धनुष्य खाली ठेवलं आणि ओके म्हणाली. राग नव्हता, मी नीट बघितलं. मग तिने तिचं सांगितलं. तिला हरीण मारायचंच आहे, विचार करून ठरवलंय, आणि मांस वाया घालवणार नाही. पुढच्या शनिवारी ती शिवबरोबर जाणार, तो कितीही कुजबुजला तरी. मी म्हटलं, मला हे आवडत नाही. ती म्हणाली, माहीत आहे. मी म्हटलं, तुझा नेम चुकून ते जनावर जखमी होऊन कुठेतरी झुडपात तळमळत पडलं, तर मला मुळीच सोसणार नाही. ती म्हणाली, मग रोज संध्याकाळी परसात माझ्याबरोबर उभे राहा.

तेव्हापासून रोज उभा राहतो. ती बाण मारते, मी चुकलेले किती ते सांगतो आणि निशाणातले उपटून तिच्या हातात आणून देतो. काल बेचाळीस मारले, त्यातले तीन चुकले. अजून तीन चुकतात, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. आज शाळेतून आली की पुन्हा उभे राहणार आहोत.

तुला काय म्हणायचंय ते म्हण, ऐकून घेईन. लोभ तुझ्या मर्जीवर सोडतो.

तुझा,
प्रताप