खोली क्रमांक २१४ मध्ये माझे पती हजर असल्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
नगर गृहनिर्माण मंडळ,
टॅमरॅक बे, मिशिगन.

विषय : ज्येष्ठ निवासातील खोली क्र. २१४ रिकामी नसल्याबाबत, तसेच तेथील उष्णता-यंत्राचा डोळा येत्या सोमवारपूर्वी बंद करून मिळणेबाबत.

संदर्भ : 'सदनिका वापरात नसल्याचा खुलासा' मागणारे आपल्या कार्यालयाचे जानेवारीचे पत्र.

महोदया,

मी, लेम्पी सारेला, उपरोक्त खोलीत माझे पती वेइक्को यांच्यासह राहते. वेइक्को यांनी जन्मभर या जिल्ह्याच्या रस्त्यांवर बर्फ लोटणारी गाडी चालवली. आपणही त्यांनी मोकळ्या केलेल्या रस्त्यावरून शाळेत गेल्या असाल. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून ते खाटेवर आहेत आणि त्यांचा फक्त डावा हात हलतो.

१. सर्वप्रथम नमूद करते की माझी तक्रार यंत्राविरुद्ध नाही. गेल्या वर्षी मंडळाने प्रत्येक खिडकीखाली जी पेटी बसवली, ती गुणाची आहे. बाहेर तळे गोठलेले असताना त्याच गार हवेतून ती ऊब ओढून आत आणते, हे मला अजून नवलाचे वाटते. उन्हाळ्यात तीच खोली गार करते. वीज किती वाचली याचा कागद आपण खालच्या फळ्यावर लावता, तो मी वाचते. वाचलेल्या विजेमुळे आमचे भाडे वाढले नाही, याची मला जाणीव आहे.

२. तथापि या पेटीच्या कपाळावर एक डोळा आहे. खोलीत हालचाल दिसली तर ती ऊब देते. बराच वेळ कोणी हलले नाही तर माणसे बाहेर गेली असे धरून ती पंखा थांबवते आणि खोली गार पडू देते. बचतीचा मोठा वाटा इथूनच येतो, असे देखभालीचे श्री. डेल पेल्कोनेन सांगतात. तागडीत एकीकडे बचत, दुसरीकडे ऊब. माणूस हलता असेल तर तागडी बरोबर राहते. माझा माणूस हलत नाही.

३. डिसेंबरात मी खाली कपडे धुवायला गेले होते. तिथे खालच्या मजल्यावरची शेजारीण आयडा हाउताला भेटली, कॉफी झाली, थोडा उशीर झाला. वर आले तर दारातच गारठा लागला. वेइक्कोंचे ओठ निळसर पडले होते. पेटीवरच्या छोट्या पाटीवर अक्षरे उजळली होती : रिकामी. मी धावत त्यांच्यापाशी गेले. तेव्हा त्यांनी जे विचारले ते शब्दशः लिहिते : "लेम्पी, मी आहे ना गं इथे?"

मी दोन्ही हात वर करून खोलीभर फिरले, तेव्हा पंखा सुरू झाला. परंतु कडाक्याच्या थंडीत या पेटीची ताकद तोकडी पडते. एकदा निवालेली खोली ती लगेच तापवू शकत नाही. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्या अंगाला अंग लावून पडून होते, आणि मध्ये मध्ये पाय हलवत होते.

४. यानंतर आयडाने सल्ला दिला, "अगं, डोळा बांध त्याचा. आंधळ्याला काय दिसणार?" आम्ही त्यावर जखमेची पट्टी चिकटवली. यंत्रास हात लावण्यास मनाई आहे हे मला माहीत होते, तरी लावली; त्याबद्दल क्षमा असावी. परिणाम उलटाच झाला. आंधळ्या डोळ्याला आता मीही दिसेना, आणि पेटीने आम्हां दोघांनाही घराबाहेर काढले. पट्टी त्याच दुपारी काढली. मग खिडकीशी रिबिनी बांधून पाहिल्या. डेल म्हणाले, "लेम्पीकाकू, रिबिनीला काय करायचंय? त्याला ऊबदार अंग हलताना लागतं." मी म्हटले, अंग ऊबदारच आहे, तुझी पेटी ते तसे राहू देईल तर. ते मान खाली घालून म्हणाले, "डोळा बंद करायची कळ ऑफिसातल्या संगणकावर आहे. मी नुसत्या पेटीच्या जाळ्या धुतो."

५. हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही, हेही निदर्शनास आणते. आपण आमच्यातल्या नाही, म्हणून सांगते. आम्हा फिनिश लोकांत पाहुण्यापुढे कॉफी आणि वेलदोड्याचा पाव ठेवतात आणि गप्प बसतात. न हलता, न बोलता बसणे हाच आमच्यात मान. याच निवासातली हिल्जा निएमी वारली तेव्हा आम्ही सगळे खालच्या दालनात तिच्या आठवणीत तसे बसलो होतो. इतके निश्चल बसलो की तिथल्या पेटीने दालन रिकामे ठरवले. पाद्रीबुवांनी कोट चढवला. आयडा माझ्या कानाशी पुटपुटली, "हिल्जाबरोबर आपल्यालाही पोचवलं गं यानं." मी हसले. आता ते आठवले की हसू येत नाही.

६. कारण त्यानंतर आपले संदर्भातील पत्र आले. यंत्राच्या नोंदीनुसार खोली क्र. २१४ दिवसाचा बराच वेळ रिकामी आढळते, सबब ती प्रतीक्षेतील कुटुंबास का देऊ नये, असे त्यात विचारले आहे. महोदया, ते पत्र मी वेइक्कोंना वाचून दाखवले नाही. एरवी मी सर्व पत्रे वाचून दाखवते. ज्या माणसाने एकदा मला 'मी आहे ना' असे विचारले, त्याला सरकारी शिक्क्यानिशी 'नाही' असे कसे वाचून दाखवू?

७. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. काही दिवस मला रुग्णालयात राहावे लागेल. परिचारिका सकाळी येईल आणि संध्याकाळी येईल. आयडा अधूनमधून डोकावेल, पण तिचे गुडघे जिने चढत नाहीत आणि लिफ्ट वारंवार बंद असते. मधला सगळा वेळ वेइक्को एकटे आणि तो डोळा. पंखा थांबला की डावा हात उचलायचा, असे मी त्यांना शिकवले आहे. ते उचलतात. पण झोप लागली तर कोण उचलणार? मला शस्त्रक्रियेची भीती वाटत नाही. मी टेबलावर निश्चल पडलेली असताना इकडे तेही निश्चल असतील, याची वाटते.

माझी आई आम्हाला निजवताना गाई, ते असे काहीसे होते :

निज निज माझ्या राजा, चूल तुझी जागी रे,
निजलेल्या जिवापाशी ऊब बसे उगी रे.

चुलीला कोणी हात हलवून दाखवत नसे. निजलेला माणूस घरातच असतो, एवढे तिला कळत होते.

८. तरी विनंती, की खोली क्र. २१४ पुरता तो डोळा सोमवारपूर्वी बंद करण्याचे आदेश व्हावेत आणि पाटीवर खोली कायम भरलेली अशी नोंद व्हावी. जास्तीच्या विजेचा आकार मी भरीन. शंका असल्यास आपण स्वतः यावे. मी कॉफी ठेवीन. आपण वेइक्कोंशेजारच्या खुर्चीत न हलता बसावे आणि ती पेटी आपल्यालाही मोजते का, ते पाहावे.

हा अर्ज मी खाटेजवळच्या मेजावर बसून लिहीत आहे. हात चालतो आहे, पण एवढीशी हालचाल त्या डोळ्याला पुरत नाही. पंखा आत्ताच थांबला. वेइक्को झोपले आहेत. त्यामुळे इथेच थांबते आणि उठते.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून,
लेम्पी सारेला
खोली क्र. २१४
दि. ३ फेब्रुवारी

सोबत :
(१) डॉक्टरांचा दाखला.
(२) आपल्या पत्राची प्रत.
(३) पतीची सही. ते जागे झाल्यावर घेतली. डाव्या हाताची आहे, म्हणून अक्षर वाकडे आहे. सहीपुढचा शब्द मी सांगितलेला नाही, त्यांनीच लिहिला :

वेइक्को सारेला, हजर