जिंकल्यावर हमाए काय म्हणते

याइझु, २० जून १९९५

चि. कोसाकु यास, फुसाएताईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. तुझी खुशाली मागून विचारते, आधी काम. अक्षर वाईट आहे. चार बुकं झाली आणि हातात मासे चिरायची सुरी आली, तुला माहीत आहे. लाव कसं तरी.

बंदरावरच्या कुबोताबाईच्या खेळघरातलं, नाणं टाकून खेळायचं मारामारीचं यंत्र बंद पडलं. तेच, चित्रकथेवरून केलेलं, ज्यात समुद्रात बुड्या मारणारी पोरगी हमाए कालवं उचकटायचं लोखंड घेऊन लढते. आपली मिझुए कोबेला त्या कंपनीत फोन घ्यायची. नटी परवडेना म्हणून साहेबांनी हमाएचा आवाज तिच्याकडूनच काढून घेतला. पोरीने तीन पत्रं टाकली, आई, एकदा जाऊन ऐक. मी कळवलं, मला मासे चिरायचे आहेत, असल्या थेरांना वेळ नाही.

जानेवारीत भूकंपाने तिची खोली तिच्यावर पडली. कंपनीची इमारत गेली, आवाजाच्या फिती गेल्या. मार्चमध्ये मी पहिल्यांदा खेळघरात पाय ठेवला. हमाए जिंकली तरच बोलते, आणि मला कुठलं जिंकता येतंय. सतरा दिवस नुसता मार खाल्ला. कुबोताबाई म्हणाली, बटणं दाबतेस की खवलं काढतेस? अठराव्या दिवशी जिंकले. हमाएने लोखंड खांद्यावर टाकलं आणि मिझुए म्हणाली, "आले गं आई." दारात चपला काढताना म्हणायची, अगदी तसंच. माझ्या तोंडून आपसूक गेलं, "आलीस? ये." चार माणसं बघत होती. बघू देत.

मग रोज जात होते. आता खाऱ्या हवेने यंत्राच्या आतली, खेळ नि आवाज भरलेली पाटी खाल्ली. घरच्या टीव्हीला जोडायचा खेळ मिळतो, त्यात बोलणंच ठेवलेलं नाही. कुबोताबाई म्हणते, हा खेळ अमेरिकेत गेला होता, तिथे पाटी मिळेल. तिकडे नेणाऱ्या कंपनीत तूच होतास. तेरा ऑगस्टला ओबोन. पोरीचं पहिलं, पांढरा कंदील लावायचा आहे. सगळ्यांची गेलेली माणसं त्या दिवशी घरी येतात. माझी मुक्याने यायला नको. त्याआधी पाठव.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच.
फुसाए


सॅन होजे, २ जुलै १९९५

ती. ताईस, कोसाकुचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चार वेळा उत्तर लिहायला बसलो.

ताई, इथल्या पाटीत मिझुए नाही. इथे हमाएचं नाव बदलून ‘केली’ ठेवलं. लोखंड काढून हातमोजे दिले, मुलांच्या खेळात हत्यार नको म्हणाले. रक्त दिसायचं तिथे घाम दाखवला. मूळ गोष्टीत ती घरी परतायला लढते, इथे विजेत्याचा पट्टा मिळवायला. साहेबांनी विचारलं, जिंकल्यावर ही काय म्हणते? मी म्हटलं, घरी आले असं सांगते. ते म्हणाले, कुणाच्या घरी? ही तर आखाड्यात उभी आहे. सगळे हसले. ताई, मीही हसलो. उंबऱ्यातून आत येताना काही म्हणायची रीतच इथे नाही, हे समजावत बसायचा मला कंटाळा आला. मीच म्हटलं, काढून टाका.

आवाज एका इथल्या मुलीचा घेतला. कोबेहून आलेली मिझुएच्या आवाजाची फीत टेबलावर होती. दुसरी कोरी मागवायला तीन दिवस लागले असते, म्हणून मी त्याच फितीवर नवा आवाज भरला, वाक्यावर वाक्य. बटण मीच दाबत होतो. ती फीत अजून माझ्या खणात आहे, पण तिच्यात आता केलीच बोलते.

आणखी एक. मिझुएने फोनवर विचारलं होतं, मामा, माझा आवाज अमेरिकेत वाजतो का? मी म्हटलं, गल्लोगल्ली वाजतो. किती खूश झाली होती.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू?
कोसाकु


याइझु, १२ जुलै १९९५

कोसाकु,

आशीर्वाद या खेपेला लिहीत नाही.

मासा चिरताना हात घसरला तर मी समजू शकते. तू घसरला नाहीस, तू कंटाळलास. सोळा वर्षं त्याच उंबऱ्यातून आत येताना ओरडायचास, आणि मी चुलीपाशी असले तरी ओ द्यायचे. ते सांगायला तुला कंटाळा आला.

मीही तिला वेळ नाही म्हटलं होतं. म्हणून तुला याहून जास्त बोलत नाही.

फीत पाठव. पुसलेली असली तरी पाठव. तिच्यावर पोरीचा आवाज होता, ती परक्याच्या खणात राहायला नको.
फुसाए


याइझु, १४ ऑगस्ट १९९५

चि. कोसाकु यास, आशीर्वाद.

फीत आठ तारखेला पोचली. कुबोताबाईने फीत वाजवायचं यंत्र आणून दिलं. ती तुझी केली काय किंचाळते, कुणी शेपटीवर पाय दिल्यासारखी. पहिल्यांदा ऐकून मी बंदच केलं.

दुसऱ्यांदा ऐकलं ते सुरी चालवता चालवता. शेवटचं वाक्य यायच्या आधी मध्येच कानाला काहीतरी लागलं. हात थांबला. परत फिरवलं. कोसाकु, त्या एका वाक्याला तू बटण दाबायला उशीर केला आहेस. तेवढी जागा पुसायची राहिली. तिथे कुणीतरी बोलण्यापूर्वी श्वास घेतं, आणि श्वास घेताना नाक बारीक शिटी वाजवतं. मिझुए दुधपिती असल्यापासून वाजवायची. डॉक्टर म्हणाला होता, मोठी झाली की जाईल. गेली नाही. हे ओळखायला मला शाळा लागत नाही. कुबोताबाईला काही ऐकू येत नाही. तिला कशाला यायला हवं?

काल संध्याकाळी पोरीला वाट दिसावी म्हणून दारात काटक्यांचा जाळ केला, पांढरा कंदील टांगला. यंत्र उंबऱ्यावर ठेवलं. पोरीने श्वास घेतला, आणि केलीने तोंड उघडायच्या आत मी बटण दाबलं. त्यात माझा हात आता बसला आहे. मग म्हटलं, "आलीस? ये. चपला तिथेच राहू दे."

तुला माफ केलं असं समजू नकोस, तेवढी मी मोठी नाही. पण पुढच्या ओबोनला तू ये. दारातून आत येताना मोठ्याने म्हण. मी आतच असेन.

तुझी वाट बघणारी,
फुसाएताई