जावयाचा ऑइल कूलर

४ मार्च, सकाळी
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या इंजिनीयरांना सवय असतेच.
सासरेबुवांच्या कारखान्यात केसांचं तेल गरमच भरलं जातं आणि प्लास्टिकच्या बाटल्या कंबर मोडून बसतात. दोष कूलरचा. आत गार पाण्याच्या नळ्या, भोवती तेल. पण तेल नळ्यांना जेमतेम शिवून पळ काढतं. उपाय : आत आडवे पत्रे, म्हणजे बॅफल. तेल वळसे घेत जाईल आणि झक मारत गार होईल.
सासरेबुवा म्हणाले, महिनाअखेर जमवलंत तर जावईबापू, तुम्ही मॅनेजर. वर क्वार्टर. वेगळं घर! सध्या भिंतीपलीकडे त्यांचा खोकला, अलीकडे आम्ही दोघं. बायको कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघून हसली.

५ मार्च
क्वार्टरच्या पडद्यांचा रंग ठरवला. फिकट निळा. बायको म्हणाली, आधी तेल तर गार होऊ दे. या घरात उत्साहाचं वावडंच आहे.

९ मार्च
पत्रे बसवले. तेल पुढे सरकावं म्हणून प्रत्येकाची एक कड कापलेली. सगळे काप खाली, एका ओळीत घेतले. काय देखणं दिसतंय! फिटरने विचारलं, साहेब, असंच का? म्हटलं, ते कळायला नजर लागते.

१२ मार्च
तेल जेवढं गरम गेलं तेवढंच गरम बाहेर आलं. थर्मामीटर बिघडलाय. नवा मागवला.

१३ मार्च
नवाही बिघडलेला निघाला.

१५ मार्च
बायको डबा घेऊन आली. कूलर उघडाच होता. वाकून एका टोकातून बघितलं आणि म्हणाली, अरे, पलीकडे बसलेला फिटर दिसतोय! सगळ्या कापांमधून आरपार रस्ता. तेल कशाला वळसे घेतंय?
हे मला कालच सुचलं होतं. लिहायचं राहिलं.

१८ मार्च
आता एक काप वर, एक खाली. शिवाय पत्रे तिप्पट. थोड्यांनी फायदा, तर तिप्पटांनी किती! बायकोने विचारलं, तेलाला जायला जागा ठेवलीस ना? हल्ली जो तो इंजिनीयर.

२१ मार्च
पंप सुरू केला. तेल येईना. पंप बोंबलू लागला. मग जोडावरचं गॅस्केट फाटलं आणि तेलाची चिळकांडी उडाली. सासरेबुवा नेमके समोर, पांढऱ्या शर्टात. मी म्हटलं, बघा, चटका बसला नाही ना? म्हणजे तेल बरंच निवलंय.
ते शर्ट पिळत निघून गेले. जावईबापूसुद्धा म्हणाले नाहीत. मला रडू येत होतं. तेलाचा वास डोळ्यांना झोंबतो.

२५ मार्च
बायकोने गरम तेल पसरट टाक्यांत ओतून रात्रभर नुसतं ठेवून दिलं. सकाळी गार. बाटल्या ताठ उभ्या. यात इंजिनीयरिंग कुठे आहे?

३१ मार्च
बायको मॅनेजर झाली. क्वार्टर तिला. माझ्याकडे टाक्यांची झाकणं : संध्याकाळी काढायची, सकाळी लावायची. जबाबदारीचं काम आहे.
पडदे मात्र तिने फिकट निळेच घेतले. शेवटी माझं ऐकलंच. विचारलं, माझं सामान कधी हलवू? म्हणाली, बाबा एकटे पडतील, तू तूर्त इथेच राहा.
भिंतीपलीकडे खोकला. अलीकडे मी.