तुळसाची गैरहजेरी

कोपरी, ठाणे
ता. ८ डिसेंबर १९५०

ती. सौ. ताईस,
उत्तराचा सा. न. वि. वि.

तुझा चिवडा संपला, डबा परत पाठवते आहे. रागावू नकोस.

आज मात्र थट्टा सुचत नाही. माझ्या वर्गातली तुळसा, मिठागरावरच्या परशुरामची मुलगी, गणितात सर्वांच्या पुढे. पण दर महिन्याला नाहीशी होते. काल परशुराम तिचं नाव काढायला आला. वरचेवर घरीच बसते तर शाळा कशाला, असं त्याचं म्हणणं. शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे गेले. तुळसा पडवीत पालथी पडली होती. मी तिच्या आईला खोदून खोदून विचारलं. शेवटी म्हणाली, आंगाव एकच लुगरा हाय बाय, त्यातला काय फारू?

ताई, ती पोर मिठाच्या पोत्याचं गोणपाट वापरते! मीठ मुरलेलं, खरखरीत. मांड्या सोलून निघाल्यात. तिला बसवत नाही, म्हणून ती येत नाही. काय करू, लगेच कळव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
उत्तरा

डोंबिवली
ता. ११ डिसेंबर १९५०

चि. उत्तरास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

अगं, असलं पत्र मला एकटीला वाचायचं, एवढं तरी वर लिहावंस! नेहमीसारखं मामंजींनी ओटीवर मोठ्याने वाचायला घेतलं. मध्येच आवाज थांबला. कागद माझ्या हाती देऊन ते बाहेर निघून गेले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग वाचलं. गोणपाट! आपल्याला बाजूला बसवायचे म्हणून आपण किती कुरकुरायचो. पण आईच्या ट्रंकेत मऊ जुनेर असायचंच. ते कुणाकडे नसेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

संध्याकाळी मामंजींनी आपली दोन जुनी धोतरं धुऊन, वाळवून माझ्यापुढे ठेवली. मी शेजारणींकडे मागितलं. एकीने तोंडावर दार लावलं, बाकीच्यांनी दिलं. गाठोडं यांच्याबरोबर पाठवते. पोरीला आधी खोबरेल लाव म्हणावं. आणि कापड उन्हात वाळेल अशी जागा बघ.

जेवत जा. आमचा जीव तुझ्यात असतो.
ताई

कोपरी, ठाणे
ता. १० जानेवारी १९५१

ती. सौ. ताईस,
उत्तराचा सा. न. वि. वि.

गाठोडं पोचलं. कापड वाळवायला जागा मागितली, तर आमच्या शाळेच्या मोठ्या बाई आधी शहारल्याच. शाळेत असलं काही नको म्हणाल्या. मी त्यांना तुळसाच्या घरी नेलं. दुसऱ्या दिवशी मागची अडगळीची खोली रिकामी करून दिली, स्वतः दोरी बांधली. परशुरामला त्याच्या बायकोने काय सांगितलं कोण जाणे, नाव काढायला तो पुन्हा आला नाही. या खेपेला तुळसा रोज आली, बाकावर नीट बसली.

मला वाटलं, झालं. आज खोली उघडायला गेले तर दाराशी मुलीच मुली! मिठागरावरच्या होत्याच. पण सगळ्यांच्या मागे, भिंतीला चिकटून हेमा उभी होती, आमच्या समोरच्या कारकुनांची. त्यांच्या खिडक्यांना पडदे आहेत गं, ताई, आणि पोरीला जुनेर नाही! मी तिच्या हातात कापड ठेवलं. खाली मान घालून ती एवढंच म्हणाली, बाई, आमच्या घरी सांगू नका.

मामंजींना नमस्कार. मला अंतर देऊ नकोस.
उत्तरा